मृतांच्या याद्यांतून जिवंत लंडन वाचणारा दुकानदार

'बिग डेटा' हा शब्द आता आपल्या घराघरांत पोचला आहे. आपण इंटरनेटवर काय शोधतो, रात्री किती वाजता फोन खाली ठेवतो, कुठली साडी तीनदा बघूनही विकत घेत नाही, हे सगळं कुठल्या तरी कॉम्प्युटरमध्ये साठत असतं. त्यावरून आपला स्वभाव, आपल्या भीती, आपल्या लपवाछपव्या ओळखता येतात, असं सांगतात. परदेशातल्या मराठी घरांमधली बरीच मुलं-मुली आज याच क्षेत्रात नोकरी करतात. पण ढीगभर नोंदींमधून माणूस वाचायची ही कल्पना कॉम्प्युटरच्या फार आधीची आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका दुकानदाराने हे काम कागद, शाई आणि साध्या बेरीज-वजाबाकीवर करून दाखवलं. त्याचं नाव जॉन ग्राँट. (आपल्या मुंबईच्या ग्रँट रोडवाला ग्रँट वेगळा. तो गव्हर्नर होता आणि याच्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी आला.)

लंडनच्या सिटी भागात, बँका आणि मोठमोठ्या ऑफिसांच्या गर्दीत, कॉर्नहिल आणि लोंबार्ड स्ट्रीट यांना जोडणारी बर्चिन लेन नावाची एक अरुंद गल्ली आहे. आपली कितीतरी मंडळी रोज तिथून ये-जा करत असतील. याच गल्लीत २४ एप्रिल १६२० रोजी जॉनचा जन्म झाला. घरांना तेव्हा नंबर नसत, पाट्यांवरची चित्रं असत. यांच्या घरावर सात ताऱ्यांची पाटी होती. वडील हेन्री ग्राँट कापडाचे व्यापारी. ते मूळचे लंडनचे नव्हेत, हॅम्पशायरमधून पोटापाण्यासाठी शहरात आलेले. म्हणजे जॉन हा बाहेरून आलेल्यांच्या दुसऱ्या पिढीतला मुलगा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

कॉलेजचं शिक्षण त्याच्या वाट्याला आलं नाही. लिहिणं-वाचणं, हिशेब शिकून तो लवकरच दुकानात बसला. बटणं, फिती, सुया-दोरे असं किरकोळ सामान विकायचा त्याचा धंदा. पण डोकं स्वस्थ बसत नव्हतं. सकाळी दुकान उघडायच्या आधीचा वेळ काढून तो लॅटिन आणि फ्रेंच शिकला. एकविसाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्याचं लग्न झालं आणि कापड व्यापाऱ्यांच्या संघाचा तो रीतसर सभासदही झाला. हळूहळू धंदा वाढला, शहराच्या कारभारात मान मिळाला, नागरी शिबंदीत तो कॅप्टन झाला. स्वभाव इतका सरळ की लोक आपली भांडणं मिटवायला त्याला मध्यस्थ म्हणून बोलवत.

याच काळात त्याची दोस्ती जमली विल्यम पेटीशी. पेटीही हॅम्पशायरमधल्या रोम्सी गावच्या एका कापडवाल्याचा मुलगा. हा डॉक्टर, हुशार आणि महत्त्वाकांक्षी. ग्राँटने आपलं वजन खर्च करून पेटीला लंडनच्या ग्रेशम कॉलेजमध्ये संगीताचं प्राध्यापकपद मिळवून दिलं. पेटीचा संगीताशी काय संबंध, हे विचारू नका. वशिला तेव्हाही होताच. पुढे पेटी सर विल्यम झाला, आयर्लंडमध्ये भल्यामोठ्या जमिनीचा मालक झाला आणि दोघांची परिस्थिती उलटीपालटी झाली. पण मैत्री टिकली.

आता मूळ विषयाकडे येऊ. त्या काळी लंडनमध्ये दर आठवड्याला एक छापील कागद निघे. त्यात कुठल्या चर्चच्या हद्दीत किती माणसं पुरली, कशाने मेली आणि किती बाळांचा बाप्तिस्मा झाला, याची यादी असे. प्लेगच्या भीतीने हे सुरू झालं होतं आणि १६०३ च्या अखेरीपासून ते अखंड चालू होतं. पद्धत अशी होती. कुणी गेलं की चर्चची घंटा वाजे. मग त्या हद्दीतल्या दोन म्हाताऱ्या बायका प्रेत बघायला जात. या बायका गरीब असत, वैद्यकीचं शिक्षण शून्य, पण शपथ घेऊन नेमलेल्या. त्या प्रेत बघायच्या, घरच्यांना विचारायच्या आणि काय झालं ते चर्चच्या कारकुनाला सांगायच्या. मंगळवारी रात्री सगळ्या कारकुनांचे आकडे एका ठिकाणी जमत, बुधवारी छापले जात आणि गुरुवारी घरोघरी जात. वर्षाची वर्गणी चार शिलिंग.

लोक हा कागद कसा वाचत? बहुतेक जण एवढंच बघत की या आठवड्यात मरणं वाढली की कमी झाली. एखादा विचित्र मृत्यू दिसला तर गप्पांना विषय मिळे. आणि प्लेगच्या दिवसांत श्रीमंतांना गाव कधी सोडायचं ते कळे, दुकानदारांना धंदा किती बसणार याचा अंदाज येई. मग तो कागद रद्दीत जाई. ग्राँटने मात्र हे कागद जमवायला सुरुवात केली. आपण या नादाला कसे लागलो हे आपल्यालाच आठवत नाही, असं त्याने नंतर लिहून ठेवलं आहे. दुकानदाराची सवय म्हणा हवं तर. रोजचा गल्ला मोजणाऱ्या माणसाला बेरीज जुळत नसली की चैन पडत नाही. कित्येक वर्षांच्या याद्या त्याने तक्त्यांत मांडल्या आणि एकेका आकड्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यातून जानेवारी १६६२ मध्ये एक छोटं पुस्तक आलं. मृत्यूच्या याद्यांवरची नैसर्गिक आणि राजकीय निरीक्षणं, असा त्याच्या नावाचा अर्थ.

या पुस्तकात माणसांच्या वागण्याबद्दल जे निघालं ते आजही वाचण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट भीतीची. वीस वर्षांतल्या २,२९,२५० मृत्यूंचा हिशेब त्याने मांडला. लोक ज्या गोष्टींना थरथर कापत त्यांचे आकडे त्यात शोधले. खून झालेले किती? ८६. वेड लागून मेलेले १५८. कुष्ठरोगाने ६. उपासमारीने ५१. म्हणजे ज्याची रात्रंदिवस धास्ती, ते हजारात एकालाही गाठत नव्हतं. उलट ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे, ती लहान मुलांची दुखणी एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश जीव घेत होती. ग्राँटचा हेतू लोकांचं हसं करायचा नव्हता. आकडे समोर ठेवले तर माणसाला आपल्या धोक्याचा खरा अंदाज येईल आणि उगाचची भीती कमी होईल, असं त्याला वाटत होतं.

उपासमारीच्या त्या ५१ आकड्यावरून त्याने आणखी एक बारीक गोष्ट काढली. रस्त्यावर भिकारी तर एवढे दिसतात, पण उपाशी मरणारे इतके थोडे. म्हणजे शहर या लोकांना कसं ना कसं पोसतंच आहे. मग सरकारनेच त्यांना नीट सांभाळावं, असं त्याचं म्हणणं.

दुसरी गोष्ट लाजेची, आणि मला वाटतं या माणसाची खरी हुशारी इथे दिसते. त्या काळी लंडनमध्ये गुप्तरोग भरपूर होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण वीस वर्षांच्या यादीत त्या रोगाने मेलेले फक्त ३९२. ग्राँटने बघितलं तर यातले बहुतेक सेंट जाइल्स आणि सेंट मार्टिन या दोनच भागांतले. तिथे सगळ्यात गरीब आणि बदनाम वस्त्या होत्या. मग बाकीच्या लंडनमध्ये हा रोग नव्हताच की काय? त्याने ओळखलं की बऱ्या घरातलं माणूस या रोगाने गेलं की तपासायला आलेल्या म्हातारीला बिअरचा पेला मिळतो, हातावर एकाच्या जागी दोन नाणी पडतात आणि यादीत 'क्षय' किंवा 'अशक्तपणा' लिहिलं जातं. ज्याची बाजू घ्यायला कुणी नाही, त्याचाच खरा रोग कागदावर येतो. आजही सर्व्हेमध्ये माणूस एक सांगतो आणि एकटा असताना फोनवर भलतंच शोधतो. नोंदीत जे नाही त्यातूनही माणूस कळतो, ते असं.

तिसरी गोष्ट प्लेगची. १६२५ साली लंडनमध्ये ५४,२६५ माणसं पुरली गेली आणि त्यातली ३५,४१७ प्लेगने गेली असं यादी सांगत होती. राहिले १८,८४८. पण ग्राँट म्हणाला, साध्या वर्षात तर सात-आठ हजारच मरतात. मग हे वरचे अकरा हजार कुठून आले? तीही प्लेगचीच मरणं होती, फक्त दुसऱ्या नावाखाली दडवलेली. कारणही उघड होतं. घरात प्लेग निघाला की दारावर लाल क्रूस रंगवून सगळ्या कुटुंबाला आत कोंडून ठेवत. कोण कबूल करेल? म्हणून प्लेगचा जो आकडा छापून येतो त्यात आणखी साधारण पाव भाग मिळवावा, असं गणित त्याने मांडलं.

हे वाचताना दोन आठवणी येतातच. एक आपल्याकडची. १८९६-९७ च्या मुंबई-पुण्याच्या प्लेगात लोकांनी आजारी माणसं माळ्यावर, कपाटाआड, नातेवाइकांकडे लपवली होती, कारण सोजीर घरात घुसण्याची आणि माणूस उचलून नेण्याची भीती रोगाहून मोठी होती. दुसरी आपण सगळ्यांनी भोगलेली. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडने नेमके किती गेले, यावर देशोदेशी वाद चालले. शेवटी जाणकारांनी वापरली ती ग्राँटचीच रीत. एरवी या दिवसांत किती माणसं जातात ते बघा, यंदा किती गेली ते बघा, आणि वरची मोजा. आपल्यापैकी कित्येकांनी त्या काळात आई-वडिलांचा निरोप मोबाइलच्या पडद्यावर घेतला. विमानं बंद होती, हातात फक्त रोजचे आकडे होते आणि त्यांवर विश्वास ठेवावा की नाही हेही कळत नव्हतं. एका यादीत नाव कुठल्या रकान्यात जातं, याने घरच्यांना काय वाटतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

चौथी गोष्ट तर थेट आपलीच आहे. ग्राँटने बघितलं की लंडनमध्ये दरवर्षी जन्मापेक्षा मृत्यू जास्त नोंदले जातात. काही वर्षं धार्मिक भांडणांमुळे बाप्तिस्म्यांच्या नोंदी नीट होत नव्हत्या, हे त्याने हिशेबात धरलं. तरी तूट उरत होतीच. या हिशेबाने शहर ओस पडायला हवं. पण लंडन तर डोळ्यांदेखत फुगत होतं. नवी घरं, नव्या गल्ल्या. मग त्याने रोम्सी गावच्या नोंदवहीतली नव्वद वर्षं तपासली. तिथे ६,३३९ जन्म आणि ५,२८० मृत्यू. गावात माणसं उरत होती. ती कुठे गेली? काही लंडनला, काही समुद्रापार नव्या वसाहतींत. सगळा हिशेब करून त्याने सांगितलं की वर्षाला साधारण सहा हजार माणसं गावाकडून लंडनला येतात आणि त्यांच्याच जिवावर हे शहर चालतं. प्लेगने शहर रिकामं केलं तरी दोन वर्षांत ते पुन्हा भरतं, तेही याच लोकांमुळे. राजधानीचं पोट गावाकडून आलेल्या पोरांनी भरतं, हे आकड्यांनी सिद्ध करणारा हा पहिला माणूस, आणि तो स्वतः हॅम्पशायरहून आलेल्या कापडवाल्याचा मुलगा होता.

लंडनची एकूण लोकसंख्याही त्याने काढली. तोपर्यंत मोठमोठी माणसं लाखांच्या पुढे जाऊन दशलक्षांच्या घरातल्या गप्पा मारत. ग्राँट तीन वाटांनी गेला. एकदा जन्मांवरून, एकदा मृत्यूंवरून आणि एकदा शहराच्या नकाशावर चौरस आखून त्यातली घरं मोजून. तिन्ही वाटा जवळजवळ एकाच जागी आल्या, साधारण ४८ हजार कुटुंबं. एका कुटुंबात नोकरचाकर धरून आठ माणसं, म्हणजे ३,८४,०००. एका वाटेने आलेला आकडा चुकू शकतो, म्हणून दुसऱ्या वाटेने ताळा करायचा, ही शिस्त त्याने घालून दिली.

मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, लंडनमध्ये साधारण १३ मुलींमागे १४ मुलगे, हेही त्यानेच प्रथम दाखवलं. डॉक्टरांकडे एका पुरुषामागे दोन बायका येतात, तरी मरतात मात्र पुरुष जास्त, अशीही एक नोंद त्याच्या पुस्तकात आहे. आपल्या घरातले बाबा लोक अजून डॉक्टरकडे जायला का-कू करतात, तेव्हा याचं उत्तर घरोघरी सापडेल.

आणि तो प्रसिद्ध तक्ता. शंभर मुलं जन्मली तर सहाव्या वर्षी ६४ जिवंत, सोळाव्या वर्षी ४०, सव्विसाव्या वर्षी २५, छत्तिसाव्या वर्षी १६, आणि शहात्तराव्या वर्षी फक्त एक. याद्यांत मेलेल्याचं वय लिहिलेलं नसे. त्याने लहान मुलांच्या रोगांवरून सुरुवातीचा आकडा काढला आणि पुढचे बरेचसे अंदाजाने भरले. त्यामुळे तो तक्ता कच्चाच होता. पण कल्पना पक्की होती. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाव शहराच्या नोंदींवरून असा पक्का तक्ता केला. आज आपण आयुर्विम्याचा जो हप्ता भरतो त्याच्या मुळाशी हेच आहे.

पुस्तकाचं कौतुक झालं. नुकत्याच सुरू झालेल्या रॉयल सोसायटीला त्याने पन्नास प्रती दिल्या आणि फेब्रुवारी १६६२ मध्येच त्याला सभासद करून घेतलं. दुकानदाराला विद्वानांच्या पंगतीत कसं बसवायचं, असा प्रश्न काहींना पडला असावा. सोसायटीच्या इतिहासात सांगतात की राजा दुसऱ्या चार्ल्सने ग्राँटची शिफारस केली आणि असे आणखी दुकानदार मिळाले तर त्यांनाही बिनदिक्कत घ्या, असं बजावलं. हा तोच राजा, ज्याला पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न करताना आपली मुंबई आंदण म्हणून मिळाली. ते लग्नही १६६२ चंच.

१६६५ मध्ये लंडनवर पुन्हा प्लेग आला. त्या वर्षीच्या याद्यांनी प्लेगचे ६८,५९६ बळी छापले, आणि खरा आकडा लाखाच्या आसपास असावा असं आज इतिहासकार मानतात. त्याच वर्षी ग्राँटच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. पण पुढच्या वर्षाने त्यालाच गाठलं. २ सप्टेंबर १६६६ ला पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत लागलेल्या आगीने तेरा हजारांवर घरं जाळली. त्यात ग्राँटचंही घर गेलं. पेटीने मदत केली, पण धंदा पुन्हा उभा राहिला नाही.

त्यातच त्याने धर्म बदलला. प्युरिटन घरात वाढलेला हा माणूस अनेक वर्षं विचार करून रोमन कॅथलिक झाला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. सार्वजनिक पदं सोडावी लागली, जुने लोक दुरावले. मग अफवा उठली. लंडनला पाणी पुरवणाऱ्या न्यू रिव्हर कंपनीच्या कारभारात ग्राँट होता, तो कॅथलिक, म्हणजे आगीच्या आदल्या रात्री त्यानेच पाण्याचे नळ बंद केले असणार! ही गोष्ट पुढे एका बिशपच्या इतिहासातही छापली गेली. खरं म्हणजे कंपनीच्या कागदपत्रांप्रमाणे त्याची नेमणूक झाली ती २५ सप्टेंबर १६६६ ला, आग विझल्यावर. एका तारखेने आरोप खोटा पडतो. पण ती तारीख कुणी बघितली तेव्हा ग्राँट हयात नव्हता. आयुष्यभर इतरांच्या नोंदी नीट वाचणाऱ्या माणसाची स्वतःची नोंद वाचायला मात्र कुणाला सवड नव्हती.

पुस्तकसुद्धा त्याचं नव्हे, पेटीनेच लिहिलं, असंही पेटीच्या ओळखीतले काही जण म्हणू लागले. तो वाद पुढे शतकानुशतकं चालला. आज बहुतेक अभ्यासक पुस्तक ग्राँटचंच मानतात.

१८ एप्रिल १६७४ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षाला सहा दिवस कमी असताना, गरिबीत तो गेला. इकडे रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तयारी चालू होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. मृत्यूचं कारण कावीळ. त्याच्या स्वतःच्या वीस वर्षांच्या तक्त्यात कावीळीचे ९९८ मृत्यू आहेत. फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट डन्स्टन चर्चमध्ये त्याला पुरलं. पेटी तिथे डोळे पुसत उभा होता, असं त्यांच्या मित्राने लिहून ठेवलं आहे. ते जुनं चर्च आता नाही, त्याच जागी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं आहे. फ्लीट स्ट्रीटला कधी काम निघालं तर वाकडी वाट करून बघून यायला हरकत नाही.

आपल्या मुलांना या क्षेत्रात नोकऱ्या आहेत म्हणून नाही, पण आपण स्वतः रोज आकड्यांच्या माऱ्यात राहतो म्हणून ग्राँट ओळखीचा असावा. व्हॉट्सॲपवर कुणी आकडा पाठवला, इथे बाहेरून आलेल्यांची संख्या सांगून कुणी घाबरवलं, गावाकडच्या कुणी कशाची टक्केवारी ऐकवली, की त्याचे तीन प्रश्न विचारून बघा. हे मोजलं कुणी? खरं सांगण्यात कुणाला लाज किंवा भीती होती का? आणि दुसऱ्या वाटेने मोजलं तर आकडा तोच येतो का? यासाठी डिग्री लागत नाही. बर्चिन लेनच्या त्या दुकानदाराकडेही ती नव्हती.